विटाळ, कापड आणि पॅड

(तंजावर येथे शेतमजूर स्त्रियांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर किमान वेतनाचा प्रश्न आहे, रेशनचा आहे, घरजागेचा आहे. सर्वांत शेवटी ‘स्त्रियांचे आरोग्य’ असे दोन मोघम शब्द घालून आजचा विषय मांडलेला आहे. विषय मासिक पाळीचा आहे आणि तो मी प्रारंभीच त्याच्या नावाने उच्चारते. कारण मोघम शब्दांनी या बाबतीत आजवर पुष्कळ नुकसान केले आहे.

मी डॉक्टर नाही. पक्षाच्या कागदपत्रांचे अनुवाद करणे हे माझे काम. त्यामुळे या विषयाकडे मी प्रथम शब्दांच्या वाटेने आले. एका तमिळ आरोग्यपत्रकाचा मराठी अनुवाद करताना मला आढळले की आपल्या दोन भाषांची शब्दकळा निराळी असली तरी या बाबतीतली लाज मात्र एकच आहे. तुमच्याकडे ‘तीट्टु’, आमच्याकडे ‘विटाळ’. तुमच्याकडे बाई ‘दूर’ असते, आमच्याकडे ती ‘बाहेरची’ होते, तिला ‘कावळा शिवतो’, तिची ‘अडचण’ होते. तमिळमधला जो शिष्टसंमत शब्द, ‘मादविलक्कु’, त्यातही वगळण्याचा, बाजूला काढण्याचा अर्थ बसलेला आहेच. मराठीत ‘पाळी’ हा एक शब्द तेवढा निर्मळ आहे. मुंबईच्या गिरणीत पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी असे. तोच हा शब्द. ठरलेल्या वेळी येणारा क्रम, एवढाच त्याचा अर्थ. शास्त्रही याहून अधिक काही सांगत नाही.

गर्भधारणा झाल्यास उपयोगी पडावे म्हणून गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही, म्हणजे ते अस्तर गळून रक्तावाटे बाहेर पडते. दोन पाळ्यांमधील अंतर साधारणतः २१ ते ३५ दिवसांचे, स्राव दोन ते सात दिवसांचा, आणि जाणारे रक्त सर्वसाधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या अर्ध्या पेल्याहूनही कमी. हे रक्त साठून सडलेले नसते, नासलेले नसते, विषारी नसते. शरीराबाहेर आल्यावर ते कापडात ओलसर राहिले तर त्यात जंतू वाढतात. पण असे तर दुधाचेही होते, आणि दुधाला कोणी विटाळ म्हणत नाही.

मग हा विटाळ आला कोठून? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा याच तंजावर शहरात सापडतो, आणि आम्हा मराठी माणसांचाही त्याच्याशी संबंध आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले. त्या राज्याने या शहरातील सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, नाटके दिली, वैद्यकाचे ग्रंथ जमविले. त्याच राजवटीत, अठराव्या शतकात, त्र्यंबकयज्वा नावाच्या पंडिताने ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ रचला. जूलिया लेस्ली या विदुषीने १९८९ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास इंग्रजीत प्रसिद्ध केला. रजस्वला स्त्रीने कसे वागावे, याचे नियम त्या ग्रंथात स्वतंत्रपणे सांगितलेले आहेत. त्यांचे मूळ तैत्तिरीय संहितेतील एका कथेत आहे. इंद्राने विश्वरूपाची हत्या केली आणि त्या पातकाचा एकेक तृतीयांश भाग पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया यांना वाटून दिला. स्त्रियांच्या वाट्याला आलेला भाग म्हणजे हा मासिक स्राव. हत्या एका देवाने करावी आणि तिचे प्रायश्चित्त जगातील यच्चयावत् स्त्रियांनी दर महिन्याला भोगावे, असा हा न्याय! त्या तीन दिवसांत तिने स्नान करू नये, काजळ घालू नये, केस विंचरू नयेत, सूत कातू नये, दोर वळू नये, असे निर्बंध त्याच कथेत सांगितलेले आहेत.

यांतील स्नानाचा नियम ध्यानात घ्यावा. ज्या दिवसांत शरीर स्वच्छ ठेवण्याची सर्वाधिक गरज, नेमके त्याच दिवसांत पाण्याला मज्जाव. आजही कित्येक घरांत मुलीला ‘पहिले तीन दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नकोस’ असे बजावले जाते. ते सांगणाऱ्या आजीला या ग्रंथांची नावेसुद्धा ठाऊक नसतात. ग्रंथ कपाटात राहिला, नियम मात्र न्हाणीघरापर्यंत पोहोचला.

आणि हा नियम कोणासाठी शिथिल झाला, हेही पाहावे. मेत्तूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडण्याचा प्रघात आहे. पाणी आले की कुरुवईची लावणी सुरू होते, आणि लावणी हे या खोऱ्यात बायकांचे काम. चिखलात वाकून दिवस दिवस रोपे लावणाऱ्या मजूर बाईला ‘तू आज दूर आहेस, शेतात पाऊल टाकू नकोस’ असे कोणत्या मिरासदाराने कधी म्हटले? देवळाच्या उंबरठ्यावर तिचा विटाळ होतो, विहिरीच्या काठावर होतो, स्वतःच्या चुलीजवळ होतो. लावणीच्या बांधावर तो होत नाही. भाताला विटाळ लागत नाही, कारण ते धन्याच्या कोठारात जावयाचे असते. या तालुक्यांतील शेतमजुरांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अर्धे माप जास्त भात मागितल्याबद्दल २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणीच्या ४४ माणसांना, त्यांतील बहुसंख्य बायका-मुलांना, झोपडीत कोंडून जाळण्यात आले. तेव्हा ते गाव याच तंजावर जिल्ह्यात होते.

झोपडीचा विषय निघाला म्हणून दुसरी एक झोपडी सांगते. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गजा’ वादळ वेदारण्यमच्या किनाऱ्यावर धडकले. पट्टुकोट्टई, पेरावूरणी या भागांतील नारळीच्या बागा एका रात्रीत भुईसपाट झाल्या. त्या रात्री पट्टुकोट्टई तालुक्यातील एका गावात नुकतीच न्हाण आलेली एक शाळकरी मुलगी घराबाहेरच्या झापांच्या खोपीत निजली होती, कारण रीतच तशी होती. वादळात नारळाचे झाड खोपीवर कोसळले आणि ती मुलगी मरण पावली. सरकारी नोंदीत ती वादळाची बळी आहे. वादळाचा इशारा सर्वांना आधी मिळालेला होता. पोरीला आत घ्यावे, हे मात्र त्या रात्रीही सुचू शकले नाही. आणि यात त्या आईबापांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. त्यांनी जे केले ते गल्लीतील प्रत्येक घराने आपल्या मुलीच्या वेळी केलेले असते.

विरोधाभास असा, की हेच घर काही दिवसांनी मांडव घालते, हळदीच्या पाण्याने मुलीला न्हाऊ घालते, नातलगांना जेवण देते, आणि अलीकडे तर चौकात तिच्या छायाचित्राचा फलकही लावते. आमच्याकडेही पूर्वी मुलीला मखरात बसवून न्हाणाचा सोहळा करीत. मुलगी लग्नाला योग्य झाली ही वार्ता गावाला कळविण्यास लाज नाही. तिला कोरडे कापड देण्यास मात्र लाज! गडचिरोलीत माडिया बायकांसाठी गावाबाहेर ‘कुर्माघर’ असते. तेथे साप-विंचवांचे भय असते आणि पावसात छप्पर गळते. तमिळनाडू मागासलेला आणि महाराष्ट्र पुढारलेला, असा समज करून घेऊन येथे आलेल्या मराठी कॉम्रेड्सनी हे विसरू नये.

आता व्यवहाराकडे वळते. पॅड हे नवे शास्त्र नव्हे. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेला शोषक पदार्थ वापरात आला. परिचारिकांनी तो पाळीसाठी वापरून पाहिला आणि १९२० च्या सुमारास अमेरिकेत त्याचा व्यापार सुरू झाला. आज पॅडमध्ये वरचा जाळीदार पडदा, आत लगदा, बहुधा रक्त धरून ठेवणारी शोषक भुकटी आणि खाली प्लॅस्टिकचा थर असतो. जाहिरातीत त्यावर निळे पाणी ओततात. पन्नास वर्षे दूरचित्रवाणी पाहूनही लाल रंगाचे धाडस कंपन्यांना झाले नाही, ते नुकते कोठे कोठे होऊ लागले आहे.

सांगावयाचे ते असे. पॅड सुती चड्डीत नीट चिकटवून घ्यावा, चिकट बाजू खाली. तो हाताळण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा, हात साबणाने धुवावेत. सर्वसाधारणपणे चार ते सहा तासांनी तो बदलावा. स्राव कमी असला तरी दिवसभर एकच पॅड ठेवू नये, कारण ओलाव्याने त्वचा सोलवटते, खाज सुटते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. ‘अजून भरला नाही, मग टाकायचा कशाला’ हा हिशेब पैशाचा आहे हे मी जाणते. पण शरीर तो हिशेब मानत नाही. धुताना पुढून मागे धुवावे, उलट नव्हे, नाहीतर गुदद्वाराकडील जंतू पुढे येतात. योनीच्या आत साबण, अत्तर वा जंतुनाशक द्रव घालू नये. आतील भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो. सुवासिक पॅडची गरज नाही, उलट कित्येकींना त्याने पुरळ उठते. कोरे पॅड मोरीत वा ओलसर फळीवर न ठेवता कोरड्या जागी झाकून ठेवावेत.

आणि कापड? कापड म्हणजे घाण आणि पॅड म्हणजे स्वच्छता, असे समीकरण आज सरकारी पाहणीतही रूढ झालेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वयाच्या स्त्रियांत ‘स्वच्छ साधने’ वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७८ टक्के झाले. ही वाढ खरी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. तमिळनाडू सरकारने तर या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीच ग्रामीण भागातील किशोरवयीन मुलींना विनामूल्य पॅड देण्याची योजना सुरू केली. परंतु त्याच पाहणीत निम्म्या तरुणी कापडही वापरतात असे दिसते. म्हणजे पुष्कळजणी दोन्ही वापरतात, पॅड शाळेला आणि कापड घरी. आणि पाहणी हे विचारीत नाही की पॅड किती तासांनी बदलला, कापड कोठे वाळविले.

सुती, मऊ, फिक्या रंगाचे कापड, आधी थंड पाण्यात खळबळून, मग साबणाने धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, कोरड्या पिशवीत ठेवले, तर त्यात अपायकारक असे काही नाही. अपाय सुरू होतो तो लाजेपासून. बाई ते कापड साडीच्या खाली, पलंगामागे, गवताच्या छपरात दडवून वाळविते; तेथे ऊन नाही, वारा नाही, ते दमट राहते आणि पुढल्या महिन्यात तसेच वापरले जाते. म्हणून मी म्हणते की दोरीवर उघड्यावर वाळत घातलेले पाळीचे कापड ही आरोग्याची बाब आहे, आणि ते पाहून नाक मुरडणाऱ्या पुरुषाने आपली लंगोटी कोठे वाळते ते आठवावे.

आता हे सर्व नियम पाळावयाचे कोठे, हा खरा प्रश्न आहे. चार तासांनी पॅड बदला, असे मी येथे पंख्याखाली सांगितले. खोऱ्यातील भातशेतात चहूबाजूंनी गुडघाभर पाणी असते, आडोसा म्हणून एक झाड नसते. बाई सकाळी अंधारात घर सोडते आणि दुपारनंतर परतते. लघवीला जावे लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. त्यातून मूत्रमार्गाचा दाह जडतो. पॅड फुकट मिळाला तरी तो बदलण्यास जागा नसेल तर तो आठ तास तसाच राहतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालय सक्तीचे केले. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या परिशिष्टात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीची वेळ आणि प्रथमोपचाराची पेटी यांचा उल्लेख होता, शौचालयाचा नव्हता. ज्या योजनेवर राबणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या, तिच्या कायद्यात ही गोष्ट कोणास सुचली नाही. आणि कॉम्रेड्स, आपणही ती मागणी पुरेशा जोराने केली नाही. आपली मागणीपत्रके मी अनुवादिली आहेत. त्यांत हे वाक्य मला क्वचितच भेटले.

कारखान्यात कायदा आहे म्हणून सारे आलबेल आहे असेही नव्हे. तमिळनाडूच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत पाळीच्या वेदनांनी काम थांबू नये म्हणून मुलींना नाव नसलेल्या, चिठ्ठी नसलेल्या गोळ्या देण्यात येत, हे २०१९ मध्ये वृत्तसंस्थांनी उघडकीस आणले. गोळी देऊन दहा मिनिटांची विश्रांती वाचविणे, हा त्यातील हिशेब.

या हिशेबाचे टोक पाहावयाचे असेल तर महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोडीला नवरा-बायकोचे जोडपे जाते. त्या जोडप्यास ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने! मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पहाटेपासून तोडणी, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणे, राहावयास पालाची खोप, पाणी नाही, संडास नाही. खाडा झाला की दंड. पाळीत पोट दुखले, अंगावरून जास्त गेले, पांढरे जाऊ लागले, तरी खाडा परवडत नाही. मग कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. खाजगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. विधानपरिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय मागील दहा वर्षांत काढलेले आढळले. यांतील काही शस्त्रक्रिया आवश्यकही असतील. परंतु इतक्या बायका, आणि त्यांतील पुष्कळ चाळिशीच्या आतल्या! ऐन तरुणपणी अंडाशयही काढले गेले तर हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, सांधे धरतात. आणि ती बाई पुन्हा मोळी उचलण्यास जातेच. एका स्वच्छ कापडाची, चार भिंतींच्या आडोशाची आणि पगारी दोन दिवसांच्या विश्रांतीची जी किंमत देण्याचे नाकारले गेले, ती अशी वसूल होते.

विश्रांतीची मागणी अवाजवी आहे असे कोणी म्हणेल, त्याने बिहारकडे पाहावे. तेथील सरकारी कर्मचारी स्त्रियांनी १९९२ मध्ये, आंदोलनानंतर, दरमहा दोन दिवसांची अशी रजा मिळविली. अर्थात ती कायम नोकरीतल्या स्त्रियांना. रोजंदारीवरील बाईची रजा म्हणजे त्या दिवशीचा उपास.

किमतीविषयी थोडे बोलते. एका पाळीस पंधरा-वीस पॅड आणि एकेकाची किंमत पाच रुपये धरली, तर महिन्याला शंभराच्या घरात रक्कम जाते. घरात आई आणि दोन मुली असल्या तर तीनशे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा कुंकू, टिकल्या आणि बांगड्या करमुक्त ठेवण्यात आल्या आणि पॅडवर १२ टक्के कर बसला. सौभाग्य करमुक्त, शरीर करपात्र! देशभर स्त्रियांनी निषेध केला, आणि २१ जुलै २०१८ रोजी तो कर रद्द झाला. जनऔषधी दुकानांतून ‘सुविधा’ पॅड २०१९ पासून एक रुपयाला मिळू लागला. तो आपल्या गावाजवळच्या दुकानात नेहमी शिल्लक असतो काय, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहण्यासारखे आहे. येथून फार दूर नसलेल्या कोइंबतूरच्या मुरुगानंदम यांनी छोट्या यंत्रावर पॅड बनवून बचत गटांना मार्ग दाखविला. बाजारातील बड्या कंपन्यांना हे जमण्यासारखे नव्हते काय? नफ्याचे प्रमाण घटविणे तेवढे जमण्यासारखे नव्हते.

पॅडवरही आंधळा विश्वास नको. दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने २०२२ मध्ये बाजारातील दहा पॅड तपासले. सर्वांत थॅलेट नावाची रसायने आढळली. म्हणून पॅड म्हणजे विष असा डांगोरा पिटू नये. परंतु पॅडमध्ये काय काय घातले आहे ते पुडक्यावर छापण्याची सक्ती असावी, ही मागणी रास्त आहे. वेष्टनावर भारतीय मानक ५४०५ चा उल्लेख आहे काय, हेही घेताना पाहावे. १९८० मध्ये अमेरिकेत एका अतिशोषक टॅम्पॉनमुळे विषारी संसर्गाने स्त्रिया दगावल्या आणि कंपनीस तो माल मागे घ्यावा लागला. शोषून घेण्याची शक्ती अधिक, म्हणून बदलण्याची गरज नाही, या जाहिरातीला भुलू नये, हा त्यातील धडा. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या साह्याने ५,००० मासिक पाळीचे कप वाटले; एक कप उकळून, जपून, कित्येक वर्षे चालतो. उकळण्यास स्वतंत्र भांडे आणि थोडा एकांत लागतो, एवढी अट आहे. एका खोलीच्या घरात ती लहान अट नव्हे.

वापरलेला पॅड कागदात गुंडाळून, वर खूण करून, निराळा द्यावा. संडासात टाकू नये, कालव्यात तर नाहीच. तो तुंबलेला नळ शेवटी ज्याच्या हाताने उपसला जातो, तो सफाई कामगार कोणत्या जातीचा असतो हे मी सांगावयास नको. स्वतःचा विटाळ झुगारून देणाऱ्या स्त्रीने तो दुसऱ्याच्या हाती सोपवू नये. घरामागे पॅड पेटवूनही देऊ नये. त्यातील प्लॅस्टिक मंद आगीत जळताना अपायकारक धूर सोडते.

डॉक्टरकडे केव्हा जावे? दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, स्राव आठ दिवसांच्या वर चालत असेल, मोठ्या गाठी पडत असतील. दुर्गंधीयुक्त पांढरे जात असेल, ताप वा ओटीपोटात दुखणे असेल. पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले असेल. यांतील शेवटचे लक्षण एकदाच दिसले तरी दवाखाना गाठावा. आणि रक्तक्षय विसरू नये. देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आहेत. तेथे ‘अंगावरून जास्त जाते’ हे वाक्य साधे नसते. लोहाच्या गोळ्या आशाताईंकडे विनामूल्य मिळतात, त्या घेण्याची लाज बाळगू नये. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेतल्यावाचून अंगठा उठवू नये.

मला दिलेला वेळ संपत आला आहे. दुपारच्या सत्रात डॉक्टर येणार आहेत. दारापाशी कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक डबा ठेवला आहे. ज्यांना प्रश्न विचारावयाचे आहेत त्यांनी नाव न घालता लिहून टाकावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारच्या मैत्रिणीकडून लिहवून घ्यावेत. मागच्या बाकांवर बसलेल्या पुरुष कॉम्रेड्सनीही चिठ्ठ्या घ्याव्यात. लावणीच्या मजुरीची बोलणी पुढील आठवड्यात तेच करणार आहेत. बांधावरच्या आडोशाची मागणी त्या कागदात कितव्या क्रमांकावर घालावयाची, हे त्यांनी दुपारी येथेच सांगावे.